नवव्या अंकाचे शब्द

हुपरीकर सरांनी वहीचे कागद माझ्या टेबलावर ठेवले आणि त्यांवरचा हात न काढता ते तसेच उभे राहिले.

"सुकुमार, यातला एकही शब्द गाळायचा नाही," ते म्हणाले. "फुग्यात मावत नसेल तर रंगरावांकडून फुगा मोठा करून घे. पण गाळायचा नाही."

"नाही गाळत, सर."

"आणि अक्षर जरा मोठं काढ. घरी वाचायचंय."

त्यांच्या घरी कुणी डोळ्यांनी अधू म्हातारं माणूस असेल, असं मला वाटलं. मी मान डोलावली. सरांनी हात उचलला, पुन्हा एकदा कागदांची कड सरळ केली आणि निघाले. जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

"नक्कल केलेली नाही याची," ते म्हणाले. "दोनदा लिहवलं नाही मला. सांभाळ."

ही अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यातली गोष्ट. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत एका गुळाच्या वखारीवर आमचं चित्रध्वज प्रकाशनाचं कार्यालय होतं. दोन खोल्या आणि एक गॅलरी. उन्हाळ्यात गुळाचा वास असा दाटून यायचा की बिनसाखरेचा चहाही गोड लागावा. तिथून दर महिन्याला 'गगनकेतू'चा बत्तीस पानी रंगीत अंक निघायचा. गगनकेतू म्हणजे आकाशातून उडत येऊन लोकांना वाचवणारा आमचा महावीर. सर शाळेतली नोकरी सांभाळून त्याच्या गोष्टी लिहायचे, रंगराव निगवेकर चित्रं काढायचे आणि मी अक्षरं काढायचो. मालक शिराळकर अण्णा काहीच करायचे नाहीत, म्हणून ते मालक होते.

मी तेवीस वर्षांचा होतो. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत इचलकरंजीत दुकानांच्या पाट्या रंगवत होतो. पाट्या रंगवणाऱ्याला वाटतं तसं मलाही वाटायचं, की अक्षर आपलं आहे म्हणजे मजकुरातलंही आपल्याला कळतं.

कामाची आमची पद्धत निराळी होती. सर आधी चित्रांची टिपणं द्यायचे. त्यावरून रंगराव पानं काढायचे आणि बोलण्याचे फुगे मोकळे सोडायचे. ती चित्रं पाहून सर शब्द लिहायचे, आणि तो कागद थेट माझ्याकडे यायचा. मी ते शब्द चित्रावर लिहायचो नाही. चित्रावर एक पारदर्शक कागद ठेवायचा, त्यावर फुग्यांच्या जागी अक्षरं काढायची आणि दोन्ही छापखान्यात पाठवायचं. पुढेमागे हिंदी आवृत्ती काढायची अण्णांची हौस होती, म्हणून शब्द वेगळे. हिंदी आवृत्ती कधी निघाली नाही, पद्धत मात्र राहिली. तर सांगायचं म्हणजे, सरांचे शब्द छापून येण्यापूर्वी वाचणारा या जगात मी एकटाच असायचो. रंगराव वाचायचे नाहीत, अण्णा तर छापल्यावरही वाचायचे नाहीत.

त्या वर्षी सरांनी बारा अंकांची एकच सलग गोष्ट धरली होती. नेहमी वेळेवर पोहोचणारा गगनकेतू एकदा उशिरा पोहोचतो, धरण फुटतं आणि गाव वाहून जातं. पुढे मारामारी नाही, दुष्टांचा निःपात नाही, नुसता पश्चात्ताप. लोकांनी ते असं डोक्यावर घेतलं की विचारू नका. पुण्या-मुंबईच्या पुरवण्यांत लेख येत होते. चौथ्या अंकानंतर कुणीतरी लिहिलं, की मराठीत चित्रकथा आता वयात आली. मला त्यातलं काही पटत नव्हतं. माझ्या मते गगनकेतूचं गाडं चिखलात रुतलं होतं आणि लोक चिखलाला वाहवा देत होते.

"एवढं काय आहे हो यात?" मी एकदा रंगरावांना विचारलं होतं.

"माझी चित्रं हायत," रंगराव म्हणाले. "आनि काय पायजे?"

नववा अंक म्हणजे सगळ्याचा कळस होता. गगनकेतूला पुराच्या गाळात एक मेलेलं पोर सापडतं. तो त्याला मांडीवर घेऊन बसतो. बत्तीस पानं तो तसाच बसून आहे आणि त्या पोराशी बोलतो आहे. मी पहिलं पान वाचलं आणि कपाळाला हात लावला. तो पोराला त्याच्या कंपासपेटीबद्दल विचारत होता. कंपासपेटीत त्यानं कर्कटकाऐवजी रेवड्या कशा ठेवल्या होत्या, बेडकाला तो कसा भ्यायचा, आईच्या पदराला नाक कसं पुसायचा. पानोपानी हेच. हातानं डोंगर सरकवणारा माणूस, आणि बोलतो कशाबद्दल, तर रेवड्यांबद्दल. पुढे एका पानावर तर नदीत पोहायच्या रबरी ट्यूबचा उल्लेख आला. मी मोठ्यानं हसलो. धरण फुटून गाव बुडालंय, तिथं रबरी ट्यूब कुठून आली? चित्रात कुठेही ट्यूब नव्हती.

पण काम ते काम. दोन दिवस खपून मी बत्तीसही पारदर्शक कागद पुरे केले, अक्षर मोठं काढलं, एक शब्द गाळला नाही. सवयीनं टाक पुसायला सरांचेच कागद घेतले. आमच्याकडे तसंच चालायचं. लिहून झालेलं पान टाक पुसायला, आणि पुसून भरलं की बुट्टीत. झाडूवाली बाई ती बुट्टी बंब पेटवायला घरी न्यायची.

शुक्रवारी दुपारी रंगराव चित्रांचा गठ्ठा बांधायला आले. शब्दांचा कागद वर ठेवून त्यांनी एक पान पाहिलं, मग कागद उचलून नुसतं चित्र पाहिलं. ते पान त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पान होतं, हे मलाही कळत होतं.

"बग की," ते म्हणाले. "मानूस बसलाय, पोरगं मांडीवर हाय. ह्येच्यात काय बोलायचं ऱ्हायलंय? मास्तराला कोन सांगनार? माझ्या चित्रावर नुसती मुंग्यांची रांग लावलीय."

एवढं बोलून ते गावाकडच्या जत्रेला निघून गेले. अण्णा भाचीच्या लग्नाला मिरजेला होते. चार वाजेपर्यंत सगळं उद्यमनगरात छापखान्यावर पोचवायचं होतं. मी दोन्ही गठ्ठे सायकलला लावले. मग शब्दांचा गठ्ठा सोडला आणि टेबलाच्या खणात ठेवला.

का, हे मी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलंय, आणि उत्तर दरवेळी एकच येतं. मला वाटलं, मी सरांवर उपकार करतोय. हे शब्द छापून आले असते तर त्यांचं हसं झालं असतं, असं मला खरंच वाटत होतं. अंक चांगला निघाला तर पुढे कधीतरी सांगू, की ही आपली अक्कल. बोंब झाली तर म्हणू, की विसरलो. शहाणपणा आणि भित्रेपणा एकाच माणसात किती सुखानं राहतात, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

छापखान्यातल्या गणपतरावांनी गठ्ठा उलगडला. "शब्द कुठायत?"

"या अंकाला शब्द नाहीत."

"न्हाईत? आनि ह्ये फुगं?"

"रिकामेच राहणार."

"कोन म्हनलं?"

"सर म्हणाले," मी सांगितलं.

"मास्तर म्हनलं तर असंल," गणपतराव म्हणाले आणि दिवे लावून पानांच्या निगेटिव्ह काढायच्या कॅमेऱ्याकडे वळले.

शनिवारी मी खणातला गठ्ठा काढला. पारदर्शक कागद महाग, ते दर महिन्याला धुऊन पुन्हा वापरायचे असत. मी गॅलरीत बादलीत सोडा घालून बसलो आणि एकेक कागद ओल्या फडक्यानं पुसत गेलो. माझं अक्षर सोड्यात उतरून पाणी काळं होत होतं. बत्तीस कागद पुसून मी दोरीवर वाळत घातले, आणि दहाव्या अंकासाठी ते कोरे झाले म्हणून मला बरंही वाटलं.

अंक बाहेर आला तेव्हा अण्णांनी मला खोलीत बोलावून उभा-आडवा घेतला. नोकरी गेल्यातच जमा होती. पण आठ दिवसांत मुंबईच्या एका पुरवणीत अर्ध्या पानाचा लेख आला. लेखकानं लिहिलं होतं, की रिकाम्या फुग्यांचा हा अंक म्हणजे दुःखाच्या मुकेपणाचा शोध आहे, आणि असं धाडस आपल्याकडे कुणी केलेलं नाही. मग पत्रं यायला लागली. अंक संपला, पुन्हा छापावा लागला. अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. एका बातमीदारानं त्यांना विचारलं, की हे सुचलं कसं? अण्णा म्हणाले, "लेखकाला अशा वेळी म्हणायचंच काही नव्हतं. तीच तर त्याची थोरवी." तेही छापून आलं, सरांच्या नावासकट.

मग एका दुपारी सर आले. त्यांच्या हातात पुरवणी नव्हती, अंक नव्हता, काहीच नव्हतं. रंगराव गॅलरीत विडी ओढत होते. सर माझ्यासमोर बसले.

"पारदर्शक कागद कुठायत?"

"पुसले, सर."

"आणि माझे?"

मी टेबलाखालच्या बुट्टीकडे पाहिलं. तीत नव्या महिन्याचे चार कागद होते, नवव्या अंकाचा एकही नव्हता. त्यांनीही तिकडे पाहिलं. त्यांना आमची पद्धत माहीत होती.

"सर, छापखान्यात काहीतरी घोटाळा..."

"मी गणपतरावांकडून येतोय," ते म्हणाले.

आता हे ओरडतील, अण्णांना हाक मारतील, असं वाटलं. ते ओरडले नाहीत.

"का केलंस, ते मी विचारत नाही. तुला आवडलं नसेल. पण तू ते वाचलंयस ना सगळं?"

"हो."

"मग माझ्याबरोबर घरी चल. दहा मिनिटांचं काम आहे."

मंगळवार पेठेपर्यंत आम्ही चालत गेलो. ऊन रणरणत होतं. वाटेत ते एवढंच बोलले, की घरी त्यांची पत्नी आहे, कुमुद, आणि ती गेले वर्षभर त्यांच्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, कपडे धुते, पण बोलत नाही. "अंक मात्र आला की वाचते," ते म्हणाले. "पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. मोठ्यानं."

"मोठ्यानं का?"

"चल," ते म्हणाले.

दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत जमिनीलगतच्या फळीवर आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा फोटो होता, दोन पुढचे दात पडलेला, हसणारा. फोटोपुढे 'गगनकेतू'चे अंक ओळीनं रचलेले होते. सगळ्यांत वर नववा होता. आणि दाराआड खिळ्याला एक काळी रबरी ट्यूब टांगलेली होती, लाल ठिगळ लावलेली.

ती पाहिल्यावर माझ्या डोक्यात एकदम सगळं जागच्या जागी बसलं. रेवड्या, बेडूक, पदर. मी हसलो होतो ते सगळं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. माझ्या मनाला स्वतःचीच इतकी शिसारी पुन्हा कधी आली नाही.

"हा सुकुमार," सर म्हणाले. "अक्षरं हा काढतो. मी लिहिलेलं यानं वाचलंय. दुसऱ्या कुणीच नाही."

कुमुदकाकू पदराला हात पुसत आतून आल्या. चाळिशीच्या असतील, पण थकलेल्या. त्यांनी सरांकडे पाहिलं नाही. "बसा," मला म्हणाल्या आणि स्वतः फोटोजवळ जमिनीवर बसल्या.

"आमचा अभय या अंकांची वाट बघायचा," त्या म्हणाल्या. "म्हणून मी त्याच्यापुढे वाचते. ह्या वेळी नुसती पानं उलटली. मग पेपरात वाचलं, की ह्यांना म्हणायचंच काही नव्हतं. वर्षभरानंतर पोराशी बोलायची वेळ आली आणि बापाला काही म्हणायचं नव्हतं. आता घरी सांगतात, की होतं. सगळा अंक अभयशीच बोललोय म्हणतात. खरं का?"

"खरं आहे, काकू."

"काय होतं?"

"कंपासपेटीचं होतं," मी म्हणालो. "तो तिच्यात रेवड्या ठेवायचा."

काकूंची बोटं अंकावर थांबली. "रेवड्या," त्या म्हणाल्या. "मुंग्या लागायच्या. मी ओरडायची त्याला. आणखी?"

"बेडकाला भ्यायचा. आणि तुमच्या पदराला नाक पुसायचा."

त्यांनी मान वळवली आणि सरांकडे पाहिलं. सर भिंतीला टेकून उभे होते. वर्षभरात त्यांनी प्रथमच असं पाहिलं असावं, कारण सरांचे ओठ थरथरायला लागले. त्या क्षणी मला वाटलं, निभावलं. माझ्या हातून झालेलं सगळं आता माझ्याच तोंडानं भरून निघेल. देवानं एवढी कृपा तरी केली.

"आणि नदीचं?" काकूंनी विचारलं.

मी दाराआडच्या ट्यूबकडे पाहिलं.

"हे त्याला दर रविवारी घाटावर न्यायचे, पोहायला शिकवायला. कमरेला ती ट्यूब असायची. त्या दिवशी ट्यूब नव्हती. हे म्हणतात, अभयनंच हट्ट धरला, की बाबा, आज ट्यूब काढा, मला नुसतं पोहायचंय. सगळ्यांना हेच सांगितलंय ह्यांनी. पोलिसांना, माझ्या भावांना, मला." त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "माझं लेकरू पाण्याला भ्यायचं. ते असं कसं म्हणेल? मी दुसरं काही विचारत नाही. नदीचं काय लिहिलं होतं, तेवढं सांगा."

मला ते वाक्य जसंच्या तसं आठवत होतं. चोविसावं पान, डावीकडचा वरचा फुगा. मी ते मोठ्या अक्षरात काढलं होतं. 'ट्यूब मी काढली. तू नको म्हणत होतास.'

सर माझ्याकडे पाहत होते. सांग असंही नाही, नको असंही नाही. नुसते पाहत होते. दाराआड ती ट्यूब टांगलेली होती. समोर आई बसली होती. तिच्या तोंडावर, पोराच्या फोटोसमोर, हे वाक्य मी कसं उच्चारणार? ती कोसळेल, असं वाटलं. ती सरांना कधीच क्षमा करणार नाही, असंही वाटलं. पुन्हा मला वाटलं, की मला जास्त कळतं. पुन्हा मला वाटलं, की मी उपकार करतोय.

"नदीचं काही नव्हतं, काकू," मी म्हणालो.

"काहीच नव्हतं?"

"नाही."

मग त्यांनी नववा अंक उचलला, इतर अंकांखाली सारला आणि कड सरळ केली. "रेवड्यांचं काय, रेवड्या मलाही माहीत आहेत," त्या म्हणाल्या. उठल्या, आत गेल्या, आणि भांड्यांचा आवाज यायला लागला. सरांकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

सर मला रस्त्यापर्यंत पोचवायला आले. चष्मा काढून हातात धरला होता त्यांनी.

"चोविसावं पान वाचलं होतंस ना?"

"हो, सर."

"मग?"

मी वाकून चपलेचा पट्टा ओढला.

"मला तोंडानं सांगता येत नव्हतं," ते म्हणाले. "वर्षभर रोज ठरवायचो, आज सांगू. ताटावर बसलो की घास उतरायचा नाही, आणि शब्दही फुटायचा नाही. म्हणून लिहिलं. ती ते मोठ्यानं वाचणार, त्याच्यापुढे वाचणार, एवढं माहीत होतं. मग काय व्हायचं ते होऊ दे, म्हटलं. हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "आता मी तोंडानं सांगितलं तरी ती म्हणेल, तो मुलगा तर म्हणाला नदीचं काही नव्हतं."

"मी परत जातो, सर. मी सांगतो."

"नको," ते म्हणाले. "एकदा नाही म्हणालास. आता हो म्हणालास तर मी पढवलंय असंच वाटेल."

ते वळले आणि घरात गेले. मी रस्त्यावर उन्हात किती वेळ उभा होतो, कुणास ठाऊक.

दहावा, अकरावा, बारावा अंक सरांनी ठरल्याप्रमाणे लिहून दिला. मी अक्षरं काढली. कागद देताना ते माझ्याशी नेहमीसारखेच बोलायचे, ते मला सगळ्यात जड जायचं. बारावा अंक झाल्यावर त्यांनी लिहिणं सोडलं. त्याच दिवाळीत कुमुदकाकू गडहिंग्लजला भावाकडे चार दिवस म्हणून गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. सर त्या दोन खोल्यांत अकरा वर्षं एकटे राहिले. त्यांना सन्मान मिळाले, सभांना बोलावणी आली. ते कुठे गेले नाहीत. वारले तेव्हा शाळेतले दोघे-तिघे, रंगराव आणि मी, एवढेच होतो. गडहिंग्लजहून कुणी आलं नाही. ट्यूब दाराआड तशीच टांगलेली होती.

पुढे चित्रध्वज बंद पडलं, अण्णा गेले, रंगराव गेले. त्या बारा अंकांचं नाव मात्र वाढतच गेलं. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका प्रकाशकानं त्यांचा जाडजूड एकत्रित ग्रंथ काढला आणि प्रकाशनाला मला व्यासपीठावर बसवलं. त्या कामातला शेवटचा जिवंत माणूस म्हणून. तीन वक्ते नवव्या अंकावर बोलले. मौन, पोकळी, शब्दांचा पराभव. मी खाली मान घालून ऐकत होतो. प्रत्येक टाळीला मला बादलीतलं काळं पाणी दिसत होतं.

शेवटी प्रश्नांची वेळ आली, तेव्हा मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. विशी-बाविशीची, निळा कुर्ता, खांद्याला झोळी.

"मला हे बारा अंक उगाच डोक्यावर घेतलेत असं वाटतं," ती म्हणाली. "आणि नवव्यात तर काहीच नाही. मला वाटतं, शब्द छापायचेच राहून गेले असणार, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून त्या चुकीचं देऊळ बांधलंय."

सभागृह हसलं. अध्यक्षांनी मिस्कील चेहऱ्यानं ध्वनिक्षेपक माझ्यापुढे सरकवला.

"ती बरोबर बोलते आहे," मी म्हणालो. "शब्द होते. ते मी छापायला दिले नाहीत."

सभागृह आणखी हसलं, आणि मग टाळ्या पडल्या. म्हाताऱ्याचा विनय लोकांना आवडला. अध्यक्षांनी माझ्या गळ्यात हार घातला.

बाहेर पुस्तकांच्या टेबलाशी ती मुलगी मला गाठायला थांबली होती. तिच्या एकटीच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"खरंच होते शब्द?" तिनं विचारलं.

"होते."

"तुम्हाला आठवतात?"

चौतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. सरांचं बाकी सगळं मी विसरलोय. बत्तीस पानांतलं मला तेवढंच आठवतं, ज्याला मी हसलो होतो. ज्या माउलीला सांगायचं होतं ती कुठे असेल, असेल की नसेल, तेही मला ठाऊक नव्हतं. नवव्या अंकाचं चोविसावं पान, डावीकडचा वरचा फुगा, असं सांगून मी त्या अनोळखी मुलीला ते वाक्य म्हणून दाखवलं.

"ट्यूब मी काढली. तू नको म्हणत होतास."

तिनं ग्रंथ उघडून ते पान शोधलं. डावीकडच्या वरच्या रिकाम्या फुग्यावर बोट ठेवलं आणि मनातल्या मनात ते वाक्य तिथे लावून पाहिलं.

"ट्यूब?" ती म्हणाली. "धरण फुटलंय आणि ट्यूब कुठून आली? नाही हो. यापेक्षा नव्हते तेच बरं."

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हणालो.